चीर लहान की मोठी?

माझ्या धाकट्या भावाच्या पोटावर दोन तऱ्हेच्या खुणा आहेत. बेंबीजवळ एक आणि तिच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक, अशा तीन बारीक खुणा. दंडावरच्या देवीच्या व्रणाएवढ्याही त्या नाहीत. आणि छातीच्या हाडाखालून निघून बेंबीला वळसा घालून खाली उतरलेली एक लांबलचक चीर. बारीक खुणा नोव्हेंबर २०२१ मधल्या, मोठी चीर फेब्रुवारी २०२२ मधली. एकाच माणसाने एकाच दुखण्यासाठी तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही प्रकार सोसले. म्हणून आमच्या वस्तीत कुणाला पोटाचे ऑपरेशन सांगितले की बायाबापड्या माझ्याकडे येतात आणि विचारतात, "बाई, दुर्बिणीचं करावं का फाडून करावं?"

मी काही डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण आमच्या घराने जे भोगले, आणि विचारता विचारता मला जे कळले, ते लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी मायचे सांगते, कारण भावाच्या दुखण्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

१९८७ चा उन्हाळा. बाप वारून दोन वर्षे झाली होती. माय परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची. मी तालुक्याला डी.एड. करीत होते, भाऊ नववीत होता. दिवसभर वाकून मायची कंबर धरायची. मग संध्याकाळी किराणा दुकानातून अंगदुखीच्या दोन गोळ्या आणायच्या आणि उपाशी पोटी कोऱ्या चहाबरोबर गिळायच्या. वर्षानुवर्षे हेच चालले होते. पोटात जळजळ व्हायची, तर ती म्हणायची, "गरम पडलं असंल."

एके पहाटे तिच्या पोटात सुरी खुपसल्यासारखे झाले. ती गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडली. पोट फळीसारखे कडक झाले. शेजारणीने ओवा दिला, कुणी हिंग लावला. दुसऱ्या दिवशी चुलत्याने बैलगाडीतून सडकेपर्यंत आणले, तिथून एस.टी. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दीड दिवस उलटून गेला होता. जठरातला जुना व्रण फुटून भोक पडले होते आणि आतले आम्ल, अन्न सगळे पोटभर पसरले होते.

त्या वेळी 'कोणत्या पद्धतीने करायचे' असा प्रश्नच नव्हता. कागदावर चुलत्याचा अंगठा घेतला आणि मायला आत नेले. वरपासून खालपर्यंत पोट उघडले, सलाईनने आतून धुतले आणि भोकावर ठिगळ लावले. ठिगळ कशाचे? तर आतड्यांवर पदरासारखा चरबीचा एक पडदा असतो, त्याचेच टोक ओढून भोकावर शिवतात. रॉस्को ग्रॅहॅम नावाच्या कॅनडातल्या सर्जनने ही पद्धत १९३७ साली मांडली आणि ती आजही चालते. बाईच्या पदराचे ठिगळ बाईच्याच पोटाला! हे मला फार नंतर कळले. तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. विचारायचे असते, हेच ठाऊक नव्हते.

माय वाचली, हे त्या डॉक्टरांचे उपकार. पण चिरीत पू झाला, टाके सुटले. तेवीस दिवस दवाखान्यात आणि पुढे दोन महिने घरी रोजची मलमपट्टी. सुट्टी देताना सांगितले, "सहा महिने वजन उचलायचे नाही." ज्या बाईचे पोटच वजन उचलण्यावर चालते तिला हे सांगणे किती सोपे! दोन शेळ्या विकल्या, वर कर्ज झाले. तिसऱ्या महिन्यात माय खुरपायला गेली, चौथ्या महिन्यात डोक्यावर कडब्याची पेंढी घेतली. दिवाळीला चिरीच्या मधोमध लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. हर्निया. २००९ साली वारेपर्यंत माय जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून पोटाला आवळून बांधायची आणि मगच कामाला निघायची.

आणि भाऊ? त्याने त्या जूनमध्ये दहावीत नाव घातलेच नाही. परभणीच्या मोंढ्यात पोती उचलायला गेला. माझे डी.एड. पूर्ण झाले ते त्याच्या पाठीवरून. हे मी विसरत नाही, आणि विसरूही नये.

आता २०२१ कडे येते. भाऊ एकोणपन्नास वर्षांचा, मोंढ्यातला जुना हमाल. दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटू लागले, मग उलट्या, मग अंगातले रक्त कमी झाले. चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरले. एका डॉक्टरने तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले आणि तुकडा काढून तपासायला दिला. जठराच्या खालच्या भागात कर्करोग.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिने आमचा फार घोटाळा केला आणि अजून कितीतरी घरांत करीत असेल. आपल्याकडे 'दुर्बीण' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. तोंडातून नळी घालून जठर आतून बघणे, ही एक दुर्बीण. तिला टाका नाही, चीर नाही, भूलही फारशी लागत नाही. आणि पोटाच्या भिंतीला छोटी भोके पाडून, आत कॅमेरा व लांब अवजारे घालून ऑपरेशन करणे, ही दुसरी दुर्बीण. भावजय मला म्हणाली, "आक्का, दुर्बीण घालून झाली म्हणत्यात, मग परत ऑपरेशन कामून?" तिला वाटले, गाठ निघाली! समजावून सांगताना मलाच रडू आले.

भाचा त्या वेळी तेवीस वर्षांचा, मोबाईलच्या दुकानात कामाला. त्याने शहरातला एक खासगी दवाखाना शोधून काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने करू, पोट फाडायचे नाही, चार दिवसांत घरी, महिन्याने कामावर. खर्च साडेतीन लाख. भाच्याने ठरवूनच टाकले की एकर विकायची.

ही एकर म्हणजे मायच्या नावावर १९९६ साली घेतलेली कोरडवाहू जमीन. तिच्या रोजाचे, भावाच्या हमालीचे आणि माझ्या पगाराचे पैसे एकत्र करून घेतलेली. आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर झालेला पहिला सातबारा. भाचा म्हणाला, "आत्या, बापापेक्षा जमीन मोठी हाय का?" याला उत्तर काय देणार? मी गप्प बसले. पण मनात मायचा अंगठा, नव्हे, चुलत्याचा अंगठा डोळ्यांपुढे आला. या वेळी न विचारता काही करायचे नाही, एवढे ठरवले. शाळेची कोरी वही घेतली आणि प्रश्न लिहून काढले.

माझी मुलगी स्टाफ नर्स आहे. तिने सांगितले की मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या सर्जनचेही मत घेऊ. तिथे हे ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होते. २०१२ साली आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' नावाने सुरू झालेली, २०१३ मध्ये राज्यभर पसरलेली आणि २०१७ मध्ये हे नाव मिळालेली, तीच ही योजना. तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, पुढे ती पाच लाख झाली. भावाकडे केशरी रेशनकार्ड होते. आरोग्यमित्राच्या टेबलापुढे रांगेत दोन दिवस गेले, पण काम झाले.

तिथले सर्जन पन्नाशीचे, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ. बाहेर चाळीस माणसे ताटकळत असताना त्यांनी मला वीस मिनिटे दिली. केस पेपरच्या पाठीवर पेनने जठराचे चित्र काढले, मसकीसारखे. मी वही उघडली.

पहिला प्रश्न : दुर्बिणीच्या आणि उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये फरक काय?

ते म्हणाले, "बाई, फरक पोटाच्या भिंतीत आहे. आत काही फरक नाही." दोन्हींत जठराचा खालचा मोठा भाग काढायचा, उरलेले वरचे जठर लहान आतड्याला जोडायचे, आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने असलेल्या ग्रंथी खरवडून काढायच्या, कारण रोग तिथे दडून बसतो. उघडून करताना छातीखालून बेंबीपर्यंत वीतभर चीर घेतात. दुर्बिणीत साधारण पाच भोके, अर्धा ते सव्वा सेंटीमीटरची. पोट फुग्यासारखे फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. "सोडावॉटरातला गॅस," ते भावाकडे बघून म्हणाले. हाच वायू का? तर तो पेट घेत नाही, आत विजेने रक्तवाहिन्या डागायच्या असतात, आणि उरलासुरला रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. शेवटी कापलेले जठर बाहेर काढायला एखादी चार-पाच सेंटीमीटरची चीर लागतेच. 'पोट फाडायचे नाही' हे म्हणणे तेवढे खरे नाही.

दुसरा प्रश्न : मग दुर्बिणीचा फायदा काय?

दुखणे कमी, चिरीत पू होण्याची भीती कमी, श्वास घ्यायला-खोकायला सोपे, आतडी एकमेकांना चिकटण्याचे प्रमाण कमी. आणि चिरीतून हर्निया होणे खूप कमी. मधोमध घेतलेल्या मोठ्या चिरीत दहांमागे एकाला तरी हर्निया होतो, कधी त्याहून जास्त. हे ऐकून मी वहीत दोनदा रेघ मारली. मला मायचा पट्टा आठवला, आणि समोर बसलेला हमाल भाऊ दिसत होता.

तिसरा प्रश्न मी जरा घाबरतच विचारला : साहेब, तुम्ही स्वतः अशी किती केली?

डॉक्टरांना असे विचारावे का, असे आपल्याला वाटते. विचारावे! ते रागावले नाहीत. म्हणाले, "उघडून केलेली मोजलेली नाहीत, शेकड्यांत असतील. दुर्बिणीने पित्ताशय, अपेंडिक्स आम्ही इथे रोज करतो. पण जठराचा कर्करोग, सगळ्या ग्रंथींसह, दुर्बिणीने मी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढाच केला आहे. तुमच्या भावावर शिकू का?"

तोपर्यंत मला दुर्बीण म्हणजे नवे आणि चांगले, चीर म्हणजे जुने आणि गरिबाचे, असेच वाटत होते. या वाक्याने ते गणित मोडले.

हाच प्रश्न भाच्याने खासगी दवाखान्यात जाऊन विचारला. तिथे आकडा मिळाला नाही. "आमच्याकडे सगळे आधुनिक आहे," एवढेच उत्तर मिळाले. ते डॉक्टर कदाचित फार कुशल असतील, मी त्यांना नावे ठेवीत नाही. पण साडेतीन लाख मागणाऱ्याने एक आकडा सांगायला काय हरकत होती?

मुलीने नंतर परदेशातले अभ्यास मला मराठीत समजावून सांगितले. कोरियात सुरुवातीच्या अवस्थेतल्या १४१६ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून निम्म्यांचे दुर्बिणीने आणि निम्म्यांचे उघडून ऑपरेशन केले. पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटात ९४.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ९३.३ टक्के लोक जिवंत होते, म्हणजे बरोबरीच. चिरीचा त्रास मात्र दुर्बिणीत निम्म्याहून कमी, ७.७ टक्क्यांच्या जागी ३.१. चीनमध्ये भावासारख्या, पुढे गेलेल्या रोगावर हजाराहून अधिक लोकांत असाच अभ्यास झाला. तीन वर्षांनी रोग न उलटता जगलेले ७६.५ आणि ७७.८ टक्के, पुन्हा बरोबरीच. नेदरलँडमधल्या २२७ रोग्यांच्या अभ्यासात तर दोन्हीकडचे लोक सारखेच, साधारण सात दिवसांनी घरी गेले, कारण तिथे उघडून केलेल्यांनाही लवकर उठवून चालवत होते, लवकर खायला देत होते. चार दिवसांत घरी जाणे हे केवळ भोकांवर नसते, मागच्या शुश्रूषेवरही असते, असे मला त्यातून वाटले. आणि कोरियाच्या अभ्यासात एक अट होती. त्यातल्या सर्जनने दोन्ही पद्धतींची निदान पन्नास-पन्नास ऑपरेशने आधी केलेली असली पाहिजेत. बरोबरीचा निकाल आला तो अशा हातांचा.

हे शास्त्र काही फार जुने नाही. जठराचा भाग कापून काढल्यावर माणूस जगू शकतो हे १८८१ साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी दाखवले. त्रेचाळीस वर्षांची ती बाई ऑपरेशनमधून बरी झाली, पण रोग उलटून चारेक महिन्यांत गेली. दुर्बिणीच्या मदतीने जठराचा कर्करोग पहिल्यांदा काढला तो जपानमध्ये, १९९१ साली. आपल्या देशात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. म्हणजे सरकारी रुग्णालयात, साध्या माणसांवर! हे वाचून मला बरे वाटले.

पण सर्जननी एक गोष्ट सांगितली ती आम्हा कुणाच्याच डोक्यात नव्हती. ते म्हणाले, "आधी दुर्बिणीनेच जाऊ, पण ऑपरेशनला नाही, बघायला." जठराच्या कर्करोगात कधी कधी पोटाच्या आतल्या अस्तरावर मोहरीएवढे दाणे पसरलेले असतात. स्कॅनमध्ये ते दिसतातच असे नाही. मोठी चीर घेतल्यावर ते दिसले, तर जठर काढून उपयोग नसतो, आणि रोग्याला ती चीर फुकट सोसावी लागते. तीन बारीक भोकांतून आधी पाहिले की हे कळते. मला वाटते, दुर्बिणीचा हा उपयोग सगळ्यांत मोठा आहे, आणि त्याविषयी कुणीच बोलत नाही. लोक व्रण लहान-मोठा यावरच अडून बसतात.

नोव्हेंबरात ते झाले. दाणे नव्हते. दुसऱ्या दिवशी भाऊ घरी. पोट फारसे दुखले नाही, पण उजवा खांदा असा ठणकला की त्याला वाटले, झोपेत पोतेच पडले. वायूमुळे छाती-पोटामधला पडदा ताणतो आणि त्याची कळ खांद्यात उमटते, असे मुलीने सांगितले. दोन दिवसांत थांबले.

मग चार वेळा केमो. त्याविषयी लिहीत नाही, ज्यांच्या घरी झाली त्यांना ठाऊक आहे.

जमीन विकायची नाही, ऑपरेशन सरकारी रुग्णालयात आणि उघडून करायचे, हे शेवटी मीच म्हणाले. भाऊ म्हणाला, "आक्का म्हणंल तसं." भाचा उठून बाहेर गेला.

आदल्या रात्री विहारातले एक वडीलधारे उपासक भेटायला आले. भावाला धीर द्यावा म्हणून त्यांनी जीवकाची गोष्ट सांगितली. महावग्गात आहे ती. बनारसच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला पीळ पडला होता. जीवकाने लोकांना बाहेर घालवले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले, पोट उघडून आतडे बाहेर काढले, पीळ सोडवला आणि पोट शिवून मलम लावले. "आणि त्याच्या बायकोला समोर उभी करून दाखवलं, बघ, हा तुझ्या नवऱ्याचा आजार," असे ते म्हणाले. भाऊ हसला. "भूल नव्हती व्हय तवा?" मला मात्र ती गोष्ट वेगळीच लागली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने घरच्या माणसाला आजार दाखवला होता.

ऑपरेशनला साडेचार तास लागले. संध्याकाळी सर्जन बाहेर आले. मी शेवटचा प्रश्न विचारला : ग्रंथी किती निघाल्या? निदान सोळा तरी तपासायला हव्यात, असे मुलीने पढवून ठेवले होते. ते पहिल्यांदाच हसले. "आत हाताला लागल्या तेवढ्या काढल्यात. रिपोर्ट येऊ द्या." रिपोर्टमध्ये सत्तावीस होत्या. दोनमध्ये रोग.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नाकात नळी, कुशीत नळी. खोकला आला की भाऊ घडी केलेली गोधडी दोन्ही हातांनी पोटाशी दाबायचा आणि डोळे मिटायचा. तीन गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे खेळणे असते, श्वास ओढून त्या गोळ्या वर उचलायच्या. ज्याने आयुष्यभर पोती उचलली त्याला तीन गोळ्या उचलेनात. चौथ्या दिवशी दोन उचलल्या तेव्हा वॉर्डातल्या शेजारच्या रोग्याने टाळी वाजवली. अकराव्या दिवशी घरी आणला. त्यानंतर पुन्हा चार केमो.

दवाखान्यात एक तपासणी झाली होती, तिचे सांगायचे राहिले. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू भावाच्या तुकड्यात सापडला. व्रणाचे हे एक मोठे कारण आहे हे ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल या दोघांनी १९८२ नंतर दाखवून दिले, त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. हाच जंतू पुढे कर्करोगालाही कारण होऊ शकतो आणि बहुतेक वेळा लहानपणी घरातल्याच माणसांकडून येतो. मी माझी तपासणी करून घेतली. माझ्यातही निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्या घेतल्या, गेला. मायच्या गोळ्या आणि मायच्या घरचा जंतू! कुणी १९८७ साली हे सांगितले असते तर, हा विचार करून काही उपयोग नाही, कारण तेव्हा आपल्याकडे ते कुणाला फारसे माहीतच नव्हते.

आता माझे मत विचाराल तर सांगते. बंगल्यातल्या बाईला लहान चीर हवी असते ती व्रण दिसू नये म्हणून. तिचीही हौस असावी, माझे काही म्हणणे नाही. पण लहान चिरीची खरी गरज आहे ती खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, पाटी उचलणाऱ्या माणसाला. त्याचे पोट म्हणजे त्याचे अवजार आहे. आणि नेमके त्यालाच मोठ्या ऑपरेशनसाठी ती मिळत नाही, मिळाली तर एकर विकून. सरकारी रुग्णालयांत यंत्रे आली आहेत, त्यांवर जठराचीही ऑपरेशने शिकलेले हात तयार झाले पाहिजेत. तोपर्यंत मात्र यंत्राकडे बघून नव्हे, हाताकडे बघून ठरवावे. ज्याने उघडून शेकडो केली त्याच्या मोठ्या चिरीवर मी विश्वास ठेवीन. पित्ताशय किंवा अपेंडिक्स असेल आणि तुमच्या सरकारी दवाखान्यात ते दुर्बिणीने रोज होत असेल, तर खुशाल दुर्बिणीनेच करा. मायसारखे जठर फुटले असेल तर आजकाल तेही दुर्बिणीने शिवतात, ठिगळ तेच. पण रोगी लवकर पोचलेला हवा, रक्तदाब टिकून हवा. दीड दिवसाने बैलगाडीतून आलेल्याला मोठी चीरच वाचवते. आणि डॉक्टर म्हणाले की दुर्बिणीने सुरू करू, जमले नाही तर उघडू, तर त्यांना अपयशी समजू नका. न उघडण्याचा हट्ट धरणाऱ्याला भ्या.

भाऊ आज जिवंत आहे. तीन वर्षांहून अधिक काळ तपासण्या स्वच्छ येताहेत. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खातो. गोड जास्त झाले की घाम फुटतो, छाती धडधडते, मग आडवा होतो. बी-बारा जीवनसत्त्वाचे इंजेक्शन ठरल्या वेळी घ्यावे लागते. पोती उचलणे मात्र संपले. आता एका आडत्याच्या दुकानात राखणीला बसतो, मिळकत निम्म्यावर आली. दुर्बिणीने केले असते तर तो पुन्हा मोंढ्यात उभा राहिला असता का, असे मी सर्जनना विचारले होते. ते म्हणाले, जठर गेल्यावर आणि आठ केमोनंतर पन्नास किलोचे पोते उचलणे कुणालाही अवघडच, चीर कशीही असो. मी ते उत्तर वहीत लिहून ठेवले आहे. कधी कधी काढून वाचते.

कारण २०२३ च्या पावसाळ्यात चिरीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढा फुगवटा दिसला. भाच्याने बापाचा सदरा वर केला आणि म्हणाला, "आत्या, बघितलंस?" आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागले. मी म्हटले, "बघितलं." डॉक्टर म्हणतात, पट्टा बांधा, वाढला तर जाळी बसवू, तेव्हा ते दुर्बिणीनेही होईल.

गेल्या पेरणीला मी गावी गेले होते. एकरात सोयाबीन आणि तूर टाकायची होती. भाचा तिफणीमागे होता. भाऊ बांधावर उभा राहून खोकला, आणि खोकताना डावा हात आपोआप पोटावर गेला, पट्टा वर सरकवून आवळला, अगदी माय करायची तसा. मग वाकून मूठभर माती घेतली, ओल बघितली आणि भाच्याला हाक मारून म्हणाला, "वरच्या कोपऱ्यात अजून एक तास काढ रे, तिथं रिकामं राह्यलं."